‘३०० डीपीआय’ नको, पिक्सेल सांगा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात वाचकांकडून छायाचित्रे मागवताना, जाहिराती स्वीकारण्याच्या सूचनांमध्ये, शाळा-महाविद्यालयांच्या स्मरणिकांच्या आवाहनांत आणि दिवाळी अंकांकडून लेखकांना जाणाऱ्या पत्रांत गेली अनेक वर्षे एक वाक्य जसेच्या तसे उतरत आले आहे : ‘छायाचित्र किमान ३०० डीपीआयचे असावे.’ डीपीआय म्हणजे ‘डॉट्स पर इंच’, इंचाला ठिपके. मी १९८१ साली ब्लॉक, म्हणजे चित्रे छापण्याचे जस्ताचे ठसे, करणाऱ्या एका कारखान्यात कॅमेऱ्यावर मदतनीस म्हणून लागलो, पुढे ऑफसेटच्या फिल्म काढल्या आणि निवृत्त होईपर्यंत संगणकावरून थेट प्लेट काढण्याच्या यंत्रावर काम केले. त्या अनुभवाच्या बळावर सांगतो की, या वाक्यातून जे मागायचे असते ते मागितलेच जात नाही. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे, कारण या एका वाक्यामुळे चांगली छायाचित्रे परत जातात आणि वाईट छायाचित्रे छापली जातात, हे मी स्वतः पाहिले आहे.

गेल्या वर्षी आमच्या भागातील एका जुन्या वाचनालयाची स्मरणिका निघाली. मी छपाईतला म्हणून कार्यकर्त्यांनी मला फायली पाहायला बोलावले, पण तोवर पाने लागून प्लेटा निघाल्या होत्या. वाचनालयाच्या सुरुवातीच्या काळातील एका कार्यकर्त्याच्या मुलीने वडिलांचा समूहातील जुना फोटो चांगल्या कॅमेऱ्याने नीट उजेडात काढून पाठवला होता. तो ४००० बाय ३००० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे डिजिटल चित्र ज्यांनी बनते ते रंगाचे चिमुकले चौकोन) होता, परंतु फाइलीच्या माहितीत ‘७२’ हा आकडा दिसत होता. समितीने बाईंना कळवले की, फोटो ७२ डीपीआयचा असल्यामुळे चालणार नाही. बाईंना दुसरे काय पाठवायचे ते समजले नाही आणि त्यांनी पुन्हा काही पाठवले नाही. दुसऱ्या एका सदस्याने मोबाइलवर कोणाकडून तरी आलेला ६४० बाय ४८० पिक्सेलचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्या चौकटीत ‘३००’ टंकले आणि पाठवला. तो स्वीकारला गेला आणि क्राउन चतुर्थांश पानाच्या पूर्ण रुंदीला, म्हणजे सव्वासात इंचांना, ताणून छापला गेला. इंचाला जेमतेम ८८ पिक्सेल वाट्याला आल्यावर जे व्हायचे तेच झाले. चेहऱ्यांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागल्या आणि चष्मा लावलेला माणूस कोण, हेही ओळखता येईना. परत पाठवलेल्या फोटोला त्याच रुंदीत इंचाला ५५० पिक्सेल मिळाले असते. ज्यांनी त्या वाचनालयाची पुस्तके वर्षानुवर्षे जपली, ते गृहस्थ त्याच वाचनालयाच्या स्मरणिकेत नाहीत, आणि त्याला समितीचा आकस किंवा आळस कारणीभूत नसून एक चुकीचा शब्द कारणीभूत आहे, ही गोष्ट मला अजून सोसत नाही.

डिजिटल छायाचित्राला स्वतःचे इंच-सेंटिमीटर नसतात. त्याच्याकडे असतात ते फक्त पिक्सेल : आडवे अमुक, उभे अमुक. ‘७२’ किंवा ‘३००’ हा आकडा म्हणजे फाइलीला चिकटवलेली एक चिठ्ठी आहे. हे पिक्सेल कागदावर किती दाट मांडावेत, एवढीच सूचना तिच्यावर लिहिलेली असते. चिठ्ठी बदलली म्हणून आत एक पिक्सेलही वाढत नाही. ६४० पिक्सेलच्या फोटोवर ‘३००’ लिहिले तर तो सुमारे साडेपाच सेंटिमीटर रुंद होतो, इतकेच. उलट ४००० पिक्सेलच्या फोटोवर ‘७२’ लिहिलेले असले तर तो जवळजवळ १४१ सेंटिमीटर रुंद असल्याचे संगणक सांगतो, आणि चिठ्ठीवर ‘३००’ केले की तोच फोटो ३४ सेंटिमीटरचा होतो. काही जण चिठ्ठी बदलताना नकळत दुसरी एक खूण चालू ठेवतात. तसे झाले की, सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाज बांधून मधले पिक्सेल नव्याने तयार करते. फाइल जड होते, आकडे भरघोस दिसतात, पण मूळ फोटोत न टिपलेली पापणी त्यातून उगवत नाही.

आता ‘डीपीआय’ या शब्दाकडे वळतो. त्यातला ‘डॉट’ म्हणजे ठिपका, आणि ठिपका कॅमेऱ्यात नसतो, तो यंत्रात असतो. प्लेट काढणारे यंत्र इंचाला २४०० ठिपके टाकते, तेव्हा त्याला २४०० डीपीआय म्हणणे योग्य आहे. परंतु ते ठिपके इतके बारीक असतात की, छापलेल्या चित्रात डोळ्यांना किंवा भिंगाखाली जे लहान-मोठे गोल दिसतात ते हे ठिपके नव्हेत. ते हाफटोनचे बिंदू होत. यंत्राचे अनेक ठिपके एकत्र येऊन हाफटोनचा एक बिंदू घडतो. चांगल्या गुळगुळीत आर्ट पेपरवर इंचाला १५० ओळी बिंदू लावायचे असतील तर २४०० भागिले १५०, म्हणजे एका बिंदूच्या घरात १६ बाय १६, अर्थात २५६ ठिपक्यांची जागा मिळते. त्यांतले किती भरायचे यावर तो बिंदू लहान किंवा मोठा होतो, आणि बिंदूच्या लहान-मोठेपणावरून आपल्या डोळ्यांना फिकट आणि गडद छटांचा भास होतो. म्हणजे मोजमापे तीन आहेत : छायाचित्राचे पिक्सेल, यंत्राचे ठिपके आणि छपाईच्या बिंदूंच्या ओळी. तिन्ही इंचावर मोजली जातात म्हणून तिन्हींना एकच नाव देणे म्हणजे किलो, लिटर आणि मीटर यांना ‘माप’ म्हणून मोकळे होण्यासारखे आहे. दुकानदाराने ‘दोन माप द्या’ ऐकून काय द्यावे?

आमच्या ब्लॉकच्या कारखान्यात हा गोंधळ नव्हता. गिऱ्हाईक फोटो घेऊन आले की, कॅमेऱ्यावरचे वडीलधारे कारागीर पहिला प्रश्न विचारत, ‘कागद कोणता?’ आणि त्याच्या उत्तरावर पुढचा निर्णय होई, ‘स्क्रीन किती?’ न्यूजप्रिंट असेल तर ५५ किंवा ६५चा, आर्ट पेपर असेल तर १२० किंवा १३३चा. खरखरीत, शाई पिणाऱ्या कागदावर बारीक स्क्रीन लावला की बिंदू फुगून एकमेकांना चिकटतात आणि चित्र काळवंडते, हे तिथल्या शिकाऊ पोरालाही ठाऊक होते. यातला ‘स्क्रीन’ म्हणजे इंचातल्या ओळींची संख्या. त्या माणसांचे शिक्षण बेताचे होते, पण त्यांच्या तोंडी शब्द नेमका होता, कारण चुकीचा शब्द गेला तर जस्ताचा पत्रा वाया जाई.

आज सर्वत्र पाठ झालेला ‘३००’ हा आकडा त्याच हिशेबातून आला आहे. बिंदूंच्या एका ओळीमागे साधारण दोन पिक्सेल असले की चित्र निर्दोष उतरते, या व्यवहारातल्या नियमानुसार १५० ओळींसाठी इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे हा आकडा आर्ट पेपरवरच्या छपाईचा आहे. वृत्तपत्राची छपाई आजही साधारण ८५ ते १०० ओळींची असते, त्यामुळे तिथे १७० ते २०० पिक्सेल पुरतात. आपल्या अंकात १२ सेंटिमीटर रुंदीचा फोटो छापायचा असेल तर त्याला आडवे ९५० पिक्सेल पुरेसे आहेत. रस्त्यावरच्या फ्लेक्सला, तो दुरून पाहिला जात असल्यामुळे, याहून कितीतरी कमी चालतात. असे असताना साताऱ्याच्या किंवा सावंतवाडीच्या वाचकाला ‘३०० डीपीआय’ सांगण्याऐवजी ‘फोटोची लांब बाजू किमान १५०० पिक्सेल असावी आणि व्हॉट्सॲपवरून पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा’ असे सांगितले तर त्याला ते मोबाइलवरच तपासता येईल. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत आकुंचित होतो, ही गोष्ट तर कोणत्याच सूचनेत लिहिलेली माझ्या पाहण्यात आलेली नाही, आणि बहुतेक फोटो खराब होतात ते तिथेच.

रंगांच्या बाबतीतही शब्दांनी असाच घोळ घातला आहे. चार रंगांच्या छपाईत सायन (हिरवट निळी), मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा शाया वापरतात. त्यांतल्या दोन शायांना आमच्याकडचे मशिनमन सर्रास ‘रेड’ आणि ‘ब्लू’ म्हणतात. प्रत्यक्षात ती रेड नसून मॅजेंटा असते आणि ब्लू नसून सायन असते. कारागिरांचे आपसांत चालते, कारण दोघांनाही शाईचा डबा माहीत असतो. पण पत्रिका छापायला आलेले गृहस्थ मशीनजवळ उभे राहून ‘रेड थोडा वाढवा’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात कुंकवाचा लाल असतो. तो लाल मॅजेंटा आणि पिवळा यांच्या मिलाफाने होतो. मशिनमन एकटा मॅजेंटा वाढवतो आणि गणपतीचे पीतांबर गुलाबी होते. खरे तर मॅजेंटाला मराठीत शब्द शोधत बसण्याचेही कारण नाही, कारण गुलबक्षीचे फूल आपल्या परसात आहे. साड्यांच्या दुकानात अबोली, डाळिंबी, मोतिया, श्रीखंडी, चिंतामणी, राणी असे शब्द सहज वापरणारी, आणि ते ऐकून नेमका गठ्ठा काढणारी माणसे आपल्याच भाषेत आहेत. छपाईत मात्र आपण ‘लाल’ आणि ‘निळा’ या दोनच शब्दांवर भागवतो. ‘गुलबक्षी शाई’ असे एखाद्या छापखान्याने म्हणायला सुरुवात केली, तर गिऱ्हाईक आणि मशिनमन यांच्या डोळ्यांपुढे एकच रंग उभा राहील. पडद्यावर प्रकाशाने दिसणारे सगळे रंग शाईने उतरत नाहीत, हेही गिऱ्हाइकाला अशाच शब्दांत समजावता येईल. पोपटी आणि चिंतामणी हे दोन रंग मोबाइलवर जितके झळाळतात तितके चार शायांत कधीच येत नाहीत, आणि त्यात छापखान्याची लबाडी नसते.

याहून अधिक नुकसान ‘काळा’ या साध्या शब्दाने होते, आणि ते विशेषतः देवनागरीचे होते. छपाईत काळा एक नाही. नुसत्या काळ्या शाईचा काळा वेगळा, चारही शाया मिळून केलेला काळा वेगळा, आणि कापणीच्या व जुळणीच्या खुणांसाठी चारही प्लेटांवर शंभर टक्के येणारा काळा आणखी वेगळा. पत्रलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेला मजकूर पडद्याच्या रंगांत असतो. त्याचे चार शायांत रूपांतर करताना काळजी घेतली नाही, तर प्रत्येक अक्षर चारही शायांचे होते आणि चारही शायांच्या टक्क्यांची (प्रत्येकीचे जास्तीत जास्त शंभर) बेरीज ३०० टक्क्यांच्या घरात जाते. वृत्तपत्री कागदाची सहनशक्ती २४० टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे शाई समोरच्या पानाला लागते. शिवाय मशीनवर रजिस्टर, म्हणजे चार शायांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हलले तरी प्रत्येक अक्षराला गुलबक्षी आणि निळसर सावली येते. रोमन अक्षराला ही सावली एक वेळ सोसते. आपल्या अक्षरांना वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि रकार, पोटात ध आणि भ यांच्या बारीक गाठी असतात. दहा पॉइंटांच्या मजकुरात ‘ऱ्या’मधली चंद्रकोरीसारखी रेघ आधीच नाजूक असते, आणि चार शायांत ती नाहीशीच होते. गडद फोटोवर पांढऱ्या अक्षरांत मथळा काढताना तर चारही बाजूंनी शाई आत सरकून अनुस्वार बुजतो, आणि अनुस्वार बुजला की ‘मुलांना’ आणि ‘मुलाना’ यांच्यातला फरक मुद्रितशोधकाने कितीही जपलेला असला तरी कागदावर उरत नाही. म्हणून मजकुरासाठी ‘नुसता काळा’ आणि फक्त मोठ्या काळ्या पट्ट्यांसाठी ‘चार शायांचा काळा’ असे दोन शब्द प्रत्येक कामाच्या कागदावर स्पष्ट लिहिले जावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर ‘युनिकोड फॉन्ट’ या शब्दाबद्दलही लिहिणे भाग आहे. ‘युनिकोड फॉन्ट दिसायला चांगला नाही’ असे विधान मी लेखकांकडून, प्रकाशकांकडून आणि एका मराठीच्या प्राध्यापकांकडूनही ऐकले आहे. युनिकोडला दिसणे नसते. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, एवढाच तो करार आहे, आणि देवनागरीसाठी त्यात १२८ जागांचा एक गट राखून ठेवलेला आहे. अक्षराचे वळण ठरवणारा फॉन्ट ही वेगळी गोष्ट आहे. तो सुबक असू शकतो किंवा ओबडधोबड असू शकतो. र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरशिल्पकाराने संगणकासाठी ‘मंगल’ फॉन्ट घडवला, तो या कराराला धरूनच. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मात्र त्या फॉन्टशिवाय निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. युनिकोड आणि फॉन्ट या दोन गोष्टींना एकाच नावाने संबोधल्यामुळे, वळण आवडत नाही म्हणून लोक करारच नाकारतात, आणि त्यांनी टंकलेली शेकडो पाने दहा वर्षांनी कोणालाच उघडता येत नाहीत. याला जोडूनच छापखान्याची एक ठरलेली मागणी असते, ‘फाइल कर्व्ह करून द्या.’ कर्व्ह केले की अक्षरे ही अक्षरे राहत नाहीत, त्यांची रेखाकृती होते. छापखान्याच्या संगणकावर वेलांटी उडण्याचा किंवा जोडाक्षर फुटण्याचा धोका त्याने टळतो, हे खरे. पण त्यानंतर शुद्धलेखनाची एक चूकही सहजी दुरुस्त करता येत नाही, हे लेखकाला आधी कोणी सांगत नाही. कर्व्ह न केलेली मूळ फाइल जपून ठेवा, हे वाक्य त्या मागणीला जोडूनच सांगितले गेले पाहिजे.

माझे हे लिखाण परक्या शब्दांविरुद्ध नाही, हे स्पष्ट करतो. पिक्सेल, प्लेट, स्क्रीन, फॉन्ट हे शब्द आता आपले झाले आहेत आणि त्यांना हटवून कोशात जड संस्कृत शब्द बसवले तर ते कोशातच राहतील. ‘ब्लीड’लाही माझी हरकत नाही, परंतु नवख्या माणसाला ‘कटिंगसाठी चित्र चारही बाजूंनी कापणीच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर वाढवा’ असे सांगितले की त्याला ते का वाढवायचे तेही कळते. मराठी छपाईला शब्द घडवण्याची सवय जुनी आहे. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले, तेव्हा दगडावरून छापतात म्हणून शिळाछाप हा शब्द पुरेसा ठरला. टाइपाला खिळा म्हणणाऱ्याने कोश पाहिला नव्हता, त्याने हातातली वस्तू पाहिली होती. प्रूफाला मुद्रित म्हणणाऱ्याने त्याला काय तपासायचे आहे ते सांगितले. हे शब्द यंत्राच्या शेजारी उभे राहून झाले आणि म्हणून टिकले. कोलकात्यात लेखक आणि मुद्रक उपेंद्रकिशोर रायचौधुरी हाफटोनच्या गणितावर पेनरोझच्या छपाईविषयक वार्षिकात इंग्रजीतून लेख लिहीत आणि मुलांसाठी सोप्या बंगालीत लिहीत. तंत्रावर हुकमत असणाऱ्याला साधे लिहिता येते, हे त्यांच्याकडे पाहून पटते. आमच्या व्यवसायातील जाणत्यांनी, मीही त्यांत आलो, हे काम मराठीत वेळीच केले नाही. आम्ही फायली दुरुस्त करत राहिलो आणि दुरुस्ती का करावी लागली ते गिऱ्हाइकाला सांगितले नाही.

म्हणून आपल्याकडे एक नेमकी विनंती आहे. छायाचित्रे आणि जाहिराती मागवणारी जी चौकट आपण छापता, तिच्यातून ‘३०० डीपीआय’ हे शब्द काढून त्या जागी छापल्या जाणाऱ्या आकाराचे सेंटिमीटर आणि त्यासाठी लागणारे पिक्सेल द्यावेत. मजकूर नुसत्या काळ्यात असावा, हेही त्यातच लिहावे. आपली चौकट पाहून जिल्ह्या-तालुक्यांतील साप्ताहिके, मंडळे आणि शाळा आपापल्या सूचना तयार करतात, त्यामुळे ती एका ठिकाणी बदलली की पुष्कळ ठिकाणी बदलेल. दिवाळी अंकांचे आणि स्मरणिकांचे संपादकही लवकरच मजकूर मागवू लागतील. त्यांनी लेखकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा तपासून हवा असल्यास मी तो विनामूल्य तपासून देईन. आणि ज्यांच्याकडे ‘७२ डीपीआयचा आहे’ म्हणून परत आलेले फोटो असतील त्यांनी ते पुसून टाकू नयेत. आधी त्यांचे पिक्सेल मोजून पाहावेत.

आपला नम्र,
छपाई व्यवसायातील एक निवृत्त कारागीर,
पुणे